नाशिकची द्राक्षे, विदर्भाचा मोह

समृद्धी महामार्ग खुला झाला आणि नागपूरहून सकाळी निघालेल्या पर्यटकाला त्याच सायंकाळी नाशिकच्या द्राक्षमळ्यात पोहोचणे सोपे झाले. गंगापूर धरणाच्या परिसरात सुला कंपनीने २००५ मध्ये चव-दालन सुरू केले. पाहुण्यांना आधी पोलादी टाक्या, मग लाकडी पिंपे दाखवायची आणि शेवटी चार-पाच पेल्यांतून थोडी थोडी वाइन चाखायला द्यायची, ही पद्धत त्यानंतर नाशिक परिसरात रुळली. वऱ्हाडी-नागपुरी पाहुणा तेथून परतताना बाटली आणतो. मात्र आपल्या भागात असे काही का नाही, हा प्रश्न तो क्वचितच विचारतो.

नाशिकचे यश आपोआप आलेले नाही. श्यामराव चौगुले यांनी १९८०च्या दशकात नारायणगावला वाट पाडली, पण खरी गती दिली ती राज्याच्या २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणाने. वाइनवरील उत्पादन शुल्क माफ झाले. विंचूर आणि पलूस येथे वाइन पार्क आखले गेले. जानेवारी २०२२ मध्ये सरकारने सुपर मार्केटमध्ये वाइन विक्रीचा निर्णय घेतला, तेव्हा मात्र वाद पेटला आणि निर्णय बारगळला. वाद फळीवर बाटली ठेवावी की नाही, एवढ्याभोवतीच फिरला. ती कोठे तयार होते, कोण तयार करते आणि ग्राहकाला ते पाहता येते काय, याची चर्चा फारशी झालीच नाही.

या दृष्टीने दक्षिण स्पेनमधील हेरेस गाव पाहण्याजोगे आहे. शेरी हे नाव याच गावावरून आले. तेथील उन्हाळा नागपूरकराला ओळखीचा वाटावा असा. म्हणून शेरीच्या कोठारांना जाड पांढऱ्या भिंती आणि उंच छते असतात, खिडक्यांना गवती पडदे लावतात आणि खालच्या वाळूवर पाणी शिंपडतात. आपल्याकडच्या वाळ्याच्या ताट्यांचाच हा थोरला भाऊ! हा गारवा माणसांसाठी नसतो, तर पिंपातल्या वाइनवर धरणाऱ्या यीस्टच्या सायीसाठी असतो. ती टिकावी म्हणून पिंप काठोकाठ न भरता हवेला जागा ठेवतात. सायीखाली मुरलेली शेरी फिकट आणि कोरडी, तर साय नसलेली हवेच्या संपर्काने तपकिरी, अक्रोडासारख्या चवीची. पिंपांच्या उतरंडीत सर्वांत खालच्या ओळीतून थोडी वाइन काढायची, तेवढीच वरच्या ओळीतून भरायची. पिंप पूर्ण रिकामे कधीच होत नाही. लांब दांड्याच्या इवल्या पळीने पिंपातूनच पेला भरून देतात, तेव्हा पाहुणा चवीबरोबर एवढा सगळा खटाटोपही पाहून गेलेला असतो.

विदर्भाकडे अशा कारागिरीचा कच्चा माल नाही, असे कोण म्हणेल? नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याहून जुना आहे तो मोह. गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूर, भंडाऱ्याच्या जंगलात मार्च-एप्रिलच्या पहाटे फुले वेचण्यासाठी अख्खी घरे बाहेर पडतात. मोहाची दारू ऊर्ध्वपातनाने काढलेली, म्हणजे वाइन नव्हे. पण शेरीतही द्राक्षांची तीव्र स्पिरिट मिसळतातच. फरक राजदरबारी मिळालेल्या वागणुकीत आहे. हेरेसच्या नावाला १९३०च्या दशकातच कायद्याचे संरक्षण मिळाले. मोहाला मिळाला तो १८९२ चा ठाणे-कुलाब्यातील बंदीचा कायदा आणि पुढे दारूबंदी अधिनियमाचे निर्बंध. फुले गोळा करणे, साठवणे, वाहून नेणे यांवरील बंधने राज्याने हटवली ती २०२१ मध्ये. त्यानंतर २०२२ मध्ये मोहाच्या मद्याला ‘देशी’ऐवजी ‘विदेशी’ वर्ग मिळाला. गोंडवनातील मोह कागदोपत्री परदेशी ठरला, हा विनोद सरकारी खात्यालाच जमावा. मध्य प्रदेशाने त्याच वर्षी ‘वारसा मद्य’ असे नाव देऊन अलीराजपूर आणि दिंडोरीत आदिवासी बचत गटांकडेच निर्मिती सोपवली. महाराष्ट्राने वर्ग बदलला, निर्माता कोण हे मोकळेच ठेवले.

येथेच खरी मेख आहे. फुले वेचणारी बाई हंगामात ती स्वस्तात व्यापाऱ्याला विकते आणि गरजेच्या वेळी तीच महागात विकत घेते. उद्या बाटलीवर सुबक लेबल लागले, तरी ही साखळी तशीच राहू शकते. गावाच्या गटाने चालवलेली, पाहुण्यांना खुली असलेली भट्टी असेल तर पैसा आणि हिशेब दोन्ही गावात दिसतील; भेसळही लपणार नाही.

यावरचा आक्षेप हलका नाही. गडचिरोलीत १९९३ पासूनची दारूबंदी लोकचळवळीतून, बायकांच्या रेट्यातून आली आहे. वर्धा जिल्हाही बंदीतच आहे. चंद्रपुरातील २०१५ ची बंदी २०२१ मध्ये उठली, तेव्हा तेथील अनेक स्त्रियांनी विरोध केला होता. चव-दालनात दोन घोट घेणारा पाहुणा गाडीत बसून निघून जातो. गुत्त्यावरून परतणारा नवरा घरीच येतो, हे त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. त्यामुळे अशी भट्टी उभारायची तर ती बंदी नसलेल्या गोंदिया-भंडाऱ्यात आणि तीही ग्रामसभेच्या, विशेषतः महिलांच्या संमतीनेच. गडचिरोलीच्या फुलांना मात्र तेव्हाही जिल्ह्याची सीमा ओलांडूनच जावे लागेल.