निरोपाची साधने आपल्या हाती हवीत

बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत आज गेटसभेची वेळ किंवा पाळीतील अपघाताची खबर व्हॉट्‌सअ‍ॅपवरून कळवली जाते. साधन सोयीचे आणि फुकट आहे. म्हणूनच त्याची मालकी कोणाची, हा समाजवाद्यांचा पहिला प्रश्न आपण येथे विचारीत नाही. २०१४ साली फेसबुकने ते विकत घेतले. मजकूर गुप्त राहतो हे खरे. परंतु कोण कोणाशी केव्हा बोलले, हे कंपनीला कळू शकते. शिवाय गटात प्रत्येकाला इतरांचे फोन क्रमांक दिसतात. कंत्राटी कामगारांच्या गटात मालकाचा एक माणूस शिरला, की सभासदांची यादी त्याच्या हाती आयती पडते.

खोट्या निरोपाची किंमत या भूमीने मोजलेली आहे. ऑक्टोबर १९४५ मध्ये गोदावरी परुळेकर यांची सभा असल्याचा खोटा निरोप जमीनदारांनी फिरवला. वारली तलवाड्यास जमले आणि पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगडसह पाच जण हुतात्मा झाले. निरोप खरा की खोटा, हे पडताळण्याचे साधन त्यांच्यापाशी नव्हते.

आपल्यापाशी ते असू शकते. स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येणाऱ्या मुक्त संदेशव्यवस्था आज उपलब्ध आहेत. मॅटरमोस्ट व झुलिप कार्यालयीन कामास चांगल्या. मात्र सर्व्हर सांभाळणाऱ्याला त्यांतील मजकूर वाचता येतो. मॅट्रिक्समध्ये तो सांभाळणाऱ्यापासूनही कुलूपबंद ठेवता येतो. फ्रेंच सरकारने २०१९ मध्ये आपल्या नोकरवर्गासाठी याच पायावर व्यवस्था उभारली. मे २०२३ मध्ये भारत सरकारने रोखलेल्या चौदा अ‍ॅप्समध्ये मॅट्रिक्सचे एलिमेंट होते, ही अडचण खरी; परंतु मॅट्रिक्सची भाषा खुली असल्याने ती एकाच अ‍ॅपवर अवलंबून नाही.

म्हणून अंतर्गत कामासाठी मॅट्रिक्स निवडावे, असे आमचे मत आहे. सभासदत्व तपासून समितीनेच खाते द्यावे, फोन क्रमांक मागू नये आणि संपाचा आदेश एकाच ठरलेल्या दालनातून निघावा. जनतेतील प्रचार मात्र व्हॉट्‌सअ‍ॅपवरच राहू द्यावा. लोक तेथे आहेत.

स्वतःचा सर्व्हर म्हणजे स्वतःची जबाबदारी. दररोजचा बॅकअप, वेळेवर दुरुस्त्या आणि किमान दोन जाणते कार्यकर्ते यांची तरतूद नसेल, तर या वाटेला जाऊ नये. एका युनियनला हा भार जड जाईल. पालघर व बोईसरच्या संघटनांनी तो वर्गणीने मिळून उचलावा. सभासदांचे पावतीपुस्तक आपण मालकाच्या कपाटात ठेवीत नाही. मग त्यांचे निरोप तरी परक्याच्या हवाली का करावेत?