एकाच खुंटीला बांधलेला माणूस

बहिष्कार कोणावर चालतो? ज्याची भाकरी एकाच हातून येते त्याच्यावर. मुंबई सरकारने 1928 साली नेमलेल्या स्टार्ट समितीत बाबासाहेब सभासद होते. समितीच्या 1930 च्या अहवालात हे स्पष्ट लिहिले आहे. अस्पृश्य सवर्णांची जमीन कसतात, त्यांच्या शेतावर राबतात, नाहीतर गावकीच्या बदल्यात मिळणाऱ्या धान्यावर जगतात. म्हणून त्यांनी हक्क मागितला की गाव काम, धान्य, वाट, दुकान सगळे बंद करते. उघड मारहाणीपेक्षा हे हत्यार भयंकर, असे समितीचे मत होते.

बाबासाहेबांनाही हा फास बसला होता. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून 1917 साली लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. बडोद्यात नोकरी होती, पण राहायला जागा मिळेना. पारशी पथिकाश्रमातून हाकलले आणि नोकरीही सुटली. 1920 साली ते पुन्हा लंडनला गेले तेव्हा पैसा तीन ठिकाणचा होता: सिडनहॅम कॉलेजच्या पगारातली बचत, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडचे कर्ज. पुढे वकिली केली, शिकवणेही केले. सरकारला सुनावताना त्यांची जीभ अडखळली नाही, त्याला हेही एक कारण आहे.

आणि आपण? सात-सात वर्षे फक्त एमपीएससी. खोलीभाडे शिष्यवृत्तीच्या भरवशावर, आणि ती महाडीबीटीत अडकलेली. वस्तीतले प्रत्येक काम एकाच नगरसेवकाच्या फोनवर. मग त्याच्याच विरोधात बोलायची वेळ आली की आपला वाघ म्हणतो, "जरा थांबू या." त्याची हिंमत कमी नाही, दोरी दुसऱ्याच्या हातात आहे.

कोणी म्हणेल, हा तर बाजारवाल्यांचा स्वावलंबनाचा उपदेश झाला. मुळीच नाही! शिष्यवृत्ती आपला हक्क आहे, ती भांडूनच घ्यायची. पण तीन महिन्यांचे भाडे हाताशी असलेला विद्यार्थी समाजकल्याण कार्यालयासमोर धरणे धरतो. उद्याच्या मेसची चिंता असलेला साहेबाच्या दारात हात जोडून उभा राहतो.

म्हणून अभ्यासाबरोबर पोटापुरते मिळवून देणारे एक काम शिका. वायरिंग असो की अनुवाद. दहा जणांनी महिन्याला दोनशे रुपये बाजूला टाकले तरी वर्षाला चोवीस हजार होतात. जातवैधतेच्या कागदांच्या प्रती दुसऱ्या घरी ठेवा. आणि संघटनेचे काय? अध्यक्ष आजारी पडला की शाखेला कुलूप, कारण हिशेबाची वही आणि किल्ली दोन्ही त्याच्याच खिशात! रविवारी विहारात वंदना झाली की आधी ती वही मागा.