पोंगा वाळल्यावर फवारणी!



ज्वारीवर खोडमाशी पडते ती उगवणीनंतरच्या पहिल्या महिन्यात. पोंगा वाळल्यावर कितीही औषध मारा, ते ताट हातचे गेलेच. हे आपल्याला कोणी शिकवायला नको. शासनाला मात्र शिकवावे लागते.

2023 साली ‘लेक लाडकी’ योजना आली. एकूण 1 लाख 1 हजार रुपये. त्यातले 75 हजार मुलगी 18 वर्षांची झाल्यावर. सहावीत 7 हजार, मग थेट अकरावीत 8 हजार. मधली चार वर्षे कोरडी! नेमकी त्याच वयात पोर शाळेतून सुटते, कापूस वेचायला जाते, अठराच्या आत बोहल्यावर चढते. शिवाय लाभ 1 एप्रिल 2023 पासून जन्मलेलीलाच. आज कपाशीच्या तासात उभी असलेली तेरा वर्षांची पोर या हिशेबात कुठेच नाही.

1992 साली गरीब मुलींना शाळेत येण्यासाठी रोज 1 रुपया भत्ता सुरू झाला. तीस वर्षांनीही तो 1 रुपयाच होता. महागाई वाढते ती फक्त साहेबांची!

जिजाऊंचे सिंदखेडराजा ज्या जिल्ह्यात, तिथे 2011 च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली 855. मुलगी ओझे का वाटते? कापसाला भाव नाही म्हणून. भाव पाडून जे नेले, त्यातलेच आम्ही परत मागतो. ही भीक नव्हे.

सातवी ते दहावी दरवर्षी हप्ता द्या. आज शिकणाऱ्या मुलींनाही द्या. पोर आठ दिवस शाळेत दिसली नाही, तर घरी जाऊन विचारणारी पगारी कार्यकर्ती गावोगाव नेमा.

येत्या ग्रामसभेत हा ठराव घ्या. आणि ठरावासाठी वर केलेल्या हाताने पोरीच्या गळ्यात वेचणीची झोळी अडकवू नका.