खुर्चीवरचा गुरू आणि सरकारी दफ्तर

पॅरिसच्या पॅरालिम्पिक स्पर्धांत 4 सप्टेंबर 2024 रोजी क्लब थ्रो या प्रकारातील एफ-51 गटाची जी अंतिम फेरी झाली, तीत सोनिपतच्या धरमबीरने 34.92 मीटर फेक करून सुवर्णपदक जिंकले, प्रणव सूरमाने रौप्यपदक मिळवले, आणि धरमबीरला या खेळात आणून घडवणारे अमित सरोहा त्याच फेरीत स्पर्धक म्हणून उतरून दहाव्या क्रमांकावर राहिले. गुरूने शिष्याकडून पराभवाची इच्छा धरावी, असे आपले सुभाषितकार सांगून गेले आहेत खरे. परंतु ती इच्छा एकाच मैदानावर, त्याच पंचांसमोर पुरी झाल्याचे उदाहरण विरळाच.

सरोहा मूळचे राष्ट्रीय पातळीवरचे हॉकीपटू. 2007 मध्ये, वयाच्या 22व्या वर्षी, मोटार अपघातात मणक्याला जबर इजा झाल्यावर व्हीलचेअरवरूनच त्यांनी थाळीफेक आणि क्लब थ्रो यांत आशियाई पदके मिळवली आणि 2013 साली अर्जुन पुरस्कारही पटकावला. जकार्ता येथे 2018 च्या आशियाई पॅरा स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या एकता भयान यांनाही या खेळाची वाट त्यांनीच दाखवली.

हा खेळ शिकवणे म्हणजे नेमके काय, हे जवळून पाहिल्याशिवाय ध्यानात येत नाही. क्लब ही 397 ग्रॅम वजनाची, लहानशा मुद्गलासारखी लाकडी वस्तू. आणि ती फेकणाऱ्या एफ-51 गटातील खेळाडूची मूठ बहुधा पुरती वळत नाही, धडाचा तोल धडाला सावरता येत नाही, म्हणून जमिनीला जखडलेल्या आसनावर पट्ट्यांनी बांधून घेऊन, हाताला चिकट द्रव्य लावून, खांद्यात जेवढे बळ शिल्लक असेल तेवढ्यावर ती भिरकवावी लागते. धरमबीरच्या पहिल्या चार फेकी बाद ठरल्या आणि पाचवीने सुवर्ण दिले, यावरून या कलेतला नाजूकपणा ओळखावा. शिवाय इजेखालच्या शरीराला घाम येत नाही, म्हणून उन्हात सराव करताना अंगावर पाणी शिंपडत राहावे लागते. आसनाखालच्या त्वचेस वेदना कळत नाही, म्हणून एक दुर्लक्षित व्रण खेळाडूला कित्येक महिने अंथरुणाला खिळवू शकतो. धडधाकट प्रशिक्षकाला हे सारे ग्रंथांवरून अवगत होईल, नाही असे नाही. परंतु पट्टा किती आवळावा आणि आज सराव कोठे थांबवावा, याचा निर्णय जो स्वतः त्या आसनावर बसला आहे तो अधिक लवकर आणि अधिक अचूक करतो.

अशा माणसाला शाल-श्रीफळ देऊन व्यासपीठावर बसवण्याची आपली हौस दांडगी. नेमणुकीची गोष्ट निघाली की मात्र दफ्तरात शारीरिक पात्रतेचा प्रश्न उभा राहतो. प्रत्येक उत्तम खेळाडू उत्तम शिक्षक होतोच असे नाही, हा आक्षेप रास्त आहे, आणि म्हणून प्रशिक्षकपदाची परीक्षा त्यांनीही द्यावी. परंतु जिथे परीक्षा होते त्या इमारतीला उतार नसेल, वसतिगृहातील स्वच्छतागृहाच्या दारातून खुर्ची आत जात नसेल, तर नापास कोण झाले हे निराळे सांगायला नको. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 याच्या 30व्या कलमाने क्रीडाविषयक अभ्यासक्रम आणि सुविधा यांची फेररचना करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे, आणि 34व्या कलमाने सरकारी नोकऱ्यांत 4 टक्के जागा राखल्या आहेत. कायद्याची तरतूद झाली. उरली आहे ती अंमलबजावणी.

महाराष्ट्राच्या क्रीडा खात्याने निदान जिल्हा क्रीडा संकुलांपुरता आरंभ करावा: निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेल्या दिव्यांग खेळाडूंची यादी तयार करावी, त्यांना सरकारी खर्चाने प्रशिक्षणाची मुभा द्यावी, आणि उत्तीर्ण होणाऱ्यांना मानधनावर न ठेवता, ठराविक वेतनावर, कायम हुद्द्याने नेमावे.