हौसेला मोल नसतं, धंद्याला असतं!



"सर, जुनी नाणी ऑनलाइन लिलावात घ्यायची आणि नफ्यात विकायची. घरबसल्या हा धंदा होईल का?" हा प्रश्न मला वरचेवर येतो. उत्तर देण्याआधी मी स्वतः खाल्लेला फटका सांगतो.

२०१९ साली एका ऑनलाइन लिलावात १० राणीछाप रुपयांचा लॉट आला होता. व्हिक्टोरिया राणीचे चांदीचे रुपये, सगळ्यांवर साल १८६२ आणि वर्णनात शब्द 'दुर्मिळ'. सुटे विकले तर १२,००० रुपये कुठेच गेले नाहीत, असा माझा अंदाज. ९,००० च्या वर जायचं नाही, हे ठरवूनच बसलो होतो.

शेवटची दोन मिनिटं. मी ९,००० वर आलो. समोरचा ९,२०० वर गेला. माझं बोट थांबलंच नाही, ९,५०० दाबलं. स्क्रीनवर 'अभिनंदन, तुम्ही जिंकलात!' मी तर बायकोला झोपेतून उठवून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी बिल आलं. बोलीवर लिलाववाल्यांचा प्रीमियम आणि कर मिळून १८ टक्के, वर कुरिअरचे २००. एकूण ११,४१० रुपये! चार महिन्यांनी, मोठ्या मुश्किलीने लॉट १२,००० ला गेला. वेबसाइटचं १० टक्के कमिशन आणि पाठवायचे ३०० वजा जाता हातात आले १०,५००. म्हणजे ९१० रुपये खिशातून गेले आणि चार महिन्यांची मेहनत फुकट. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला!

आणि 'दुर्मिळ'चं काय? एका जुन्या नाणेविक्रेत्याने हसत हसत सांगितलं, "साहेब, १८६२ हे साल पुढे १८७४ पर्यंत रुपयांवर तसंच छापलं जात होतं. राणीछापात सगळ्यात जास्त मिळणारं सालच ते!"

तुम्ही नेमकं कुणाला हरवलं?

आता माझं मत स्पष्ट सांगतो. आपण फार बोली लावतो त्याचं कारण फक्त लोभ नाही. आपण कुणाशी लढतोय, हेच आपल्या लक्षात येत नाही.

समोरचा बहुतेक वेळा संग्राहक असतो. त्याच्या अल्बममधली एक जागा रिकामी आहे, ती भरायची आहे. त्याला ते नाणं विकायचंच नाही. हौसेला मोल नसतं, आणि त्याने हौसेसाठी दोन पैसे जास्त दिले तर त्यात काही चूकही नाही. पण तुम्ही घेताय ते विकण्यासाठी. मग जो गडी ९,२०० वर थांबला, तोच त्या दिवशीचा सगळ्यात उत्सुक गिऱ्हाईक होता. त्याला हरवून तुम्ही माल घेतला. आता विकणार कुणाला?

याला अभ्यासक 'विजेत्याचा शाप' म्हणतात. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या तीन पेट्रोलियम इंजिनिअरांनी तेलक्षेत्रांच्या लिलावांवर लिहिताना हे मांडलं. मालाची खरी किंमत कुणालाच माहीत नसते, प्रत्येक जण अंदाज बांधतो, आणि जिंकतो तो ज्याचा अंदाज सगळ्यात जास्त फुगलेला असतो. मोठमोठ्या तेल कंपन्या यात फसल्या, तर आपलं काय घेऊन बसलात!

आपल्याकडे लासलगावच्या कांद्याच्या लिलावात उभे राहून बघा. व्यापारी बोली लावतो तेव्हा पुढच्या बाजारातला भाव, गाडीभाडं, हमाली, घट सगळं त्याच्या डोक्यात असतं. भाव त्यापुढे गेला की तो गप्प. कांद्याच्या प्रेमात कुणी पडत नाही. नाण्याच्या मात्र आपण पडतो!

उलटा हिशेब मांडा

विक्रीपासून मागे या. माझ्याच लॉटचं उदाहरण घ्या:

- खात्रीने येईल अशी विक्री: १२,०००
- कमिशन आणि पाठवणी वजा: उरले १०,५००
- नफा आणि जोखीम मिळून २,००० बाजूला: उरले ८,५००
- घेतानाचं कुरिअर २०० वजा: ८,३००
- याला १.१८ ने भागा: साधारण ७,०३०

म्हणजे माझी कमाल बोली ७,००० हवी होती. मी ठरवलेली ९,००० ची मर्यादासुद्धा चुकीचीच होती!

विक्रीचा आकडा मात्र विक्रेत्यांनी मागितलेल्या किमतींवरून धरू नका. असाच माल प्रत्यक्षात कितीला गेला, ते बघा. तळही माहीत हवा. राणीछाप रुपयाचं मूळ वजन ११.६६ ग्रॅम, त्यात शुद्ध चांदी सुमारे १०.७ ग्रॅम. झिजलेल्या नाण्यात त्याहून कमी. कुणीच घेतलं नाही तर सराफ मोडीत काय देईल, हे आधीच विचारून ठेवा. आणि "परदेशात जास्त भाव मिळेल" हे हिशेबात धरूच नका. १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांपेक्षा जुनी नाणी पुरावस्तू ठरतात आणि ती आपल्याला परदेशात पाठवता येत नाहीत.

आकडा निघाला की कागदावर लिहा. वेबसाइटवर कमाल बोली आधी टाकायची सोय असेल तर टाका आणि फोन बाजूला ठेवा. शेवटच्या दोन मिनिटांत स्क्रीनसमोर बसूच नका.

मग हा धंदा करायचा की नाही?

करा. पण जिथे तुमची मेहनत किंमत वाढवते तिथेच. मिसळ माल घ्यायचा, निवडायचा, नीट ओळखायचा, चांगले फोटो काढायचे आणि योग्य गिऱ्हाईकापर्यंत पोचवायचा. ही खरी कमाई. नुसतं इकडून उचलून तिकडे विकायचं असेल, तर संग्राहकापेक्षा जास्त पैसे मोजून तुम्ही टिकणार नाही.

दहापैकी आठ लिलाव हातचे गेले तरी वाईट वाटून घेऊ नका. हरलेल्या लिलावात तुमचं भांडवल शाबूत असतं, आणि नव्या उद्योजकाला नाण्यापेक्षा तेच जास्त दुर्मिळ असतं.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत हिशेब आधी, बोली नंतर!