पुरावा काय?

एक खुलासा आधीच करून टाकतो. आमचं खंडाळा म्हणजे लोणावळ्याशेजारचं, धबधब्याचं आणि चिक्कीचं खंडाळा नव्हे. सिनेमातल्या त्या गाण्यात ज्याचं आमंत्रण दिलं जातं, तेही नव्हे. त्या गाण्यानंतर परगावच्या पाहुण्यांना पत्ता सांगताना आम्हांला उगीचच लाजल्यासारखं व्हायला लागलं. आमचं खंडाळा सातारा जिल्ह्यातलं. पुण्याहून निघालात की शिरवळ मागं पडतं आणि खंबाटकीचा घाट लागायच्या आधी जे गाव तुम्ही डुलक्या घेत ओलांडता, ते आमचं.

या गावात एक वाचनालय आहे. त्यात रणजित देसाईंची ‘स्वामी’ आणि ना. सं. इनामदारांची ‘राऊ’ या दोन कादंबऱ्या शेजारी शेजारी उभ्या आहेत. ‘स्वामी’ १९६२ सालची, थोरले माधवराव आणि रमाबाईंची. ‘राऊ’ १९७२ सालची, पहिले बाजीराव आणि मस्तानीची. दोन्ही प्रती इतक्या वेळा बांधून झाल्या आहेत, की मूळची मुखपृष्ठं कशी होती हे आता कोणी सांगू शकत नाही. त्यातून इनामदार आपल्याच सातारा जिल्ह्यातले. त्यामुळं ‘राऊ’बद्दल मत असणं हा आमच्याकडं नागरिकत्वाचा भाग समजला जातो. पुस्तक वाचलेलं असण्याची अट नाही.

मागं एकदा कार्यकारी मंडळाच्या सभेपुढं विषय आला, ‘राऊ’ची जुनी प्रत रद्दीत काढून नवी घेण्याचा. कारण दिलं होतं, ‘समासात वाचकांनी फार लिहिल्यामुळे प्रत खराब झाली आहे.’ मीही मंडळावर आहे. (वर्गणी न थकलेले सभासद अकराच, आणि मंडळावर जागा नऊ, तेव्हा यात माझी काही कर्तबगारी नाही.) खराब म्हणजे कितपत खराब, हे बघायला प्रत मी घरी नेली आणि तिथंच घोटाळा झाला. कादंबरी राहिली बाजूला, मी समासच वाचत बसलो.

‘पुरावा काय?’ हा शेरा सतरा ठिकाणी होता. लाल शाईत. अक्षर आमच्या गुरुजींचं. गावातल्या निम्म्या लोकांच्या वह्यांवर ते उमटून गेलेलं असल्यामुळं ओळखायला वेळ लागला नाही. ‘साफ खोटे’ नऊ ठिकाणी. ‘थोर पुरुषांची बदनामी थांबवा’ दोन ठिकाणी. त्यातलं एक पहिल्या प्रकरणाच्या आधीच्या कोऱ्या पानावर, म्हणजे बदनामी सुरू व्हायच्या आतच. ‘पिक्चर जास्त भारी आहे’ हा शेरा २०१५ नंतरचा असणार, हे माझं स्वतःचं संशोधन. आणि एका जागी, ‘पुढचे पान कोणी फाडले? निर्लज्ज!’ या एका आरोपाला मात्र पुरावा होता. पान खरोखरच नव्हतं.

पुढं काशीबाईंचा एक प्रसंग आहे. तिथं समासात पेन्सिलीनं, पुसट, पाटीवर गिरवल्यासारख्या गोल अक्षरात एकच ओळ होती, ‘आणि हिनं काय करायचं?’ त्याखाली कोणीतरी बॉलपेन दाबून दाबून उत्तर दिलं होतं, ‘हिने स्वयंपाक करायचा! बायकांनी रडकथा वाचाव्यात, इतिहासात पडू नये.’

माझं डोकं फिरलं. हा गृहस्थ कोण ते शोधून काढायचं आणि चारचौघांत त्याची हजेरी घ्यायची, असं मी त्याच क्षणी ठरवलं. पण आधी गुरुजींचा हिशेब चुकता करतो.

ऐतिहासिक कादंबरीला पुरावा मागू नये असं माझं मुळीच म्हणणं नाही. बाजीराव २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदेकाठी रावेरखेडीला वारले. कादंबरीकारानं त्यांना आणखी दोन महिने जगवलं, तर मी स्वतः लाल पेन घेऊन गुरुजींच्या शेजारी बसेन. एखादा पुढारी कादंबरीतलं वाक्य ‘बाजीराव म्हणाले होते’ म्हणून भाषणात ठोकून देतो, तेव्हा गुरुजींचा होणारा संताप मला पटतो. इनामदारांनी रचलेला संवाद बाजीरावांच्या नावावर खपवायचा, यात दोघांवरही अन्याय आहे. पण गुरुजी, पुरावा मागायचाच तर सगळ्यांकडं मागा की!

मी दुसऱ्या दिवशी ‘स्वामी’ची प्रत आणली. समास कोरे. मध्ये एकदा ‘डोळे पाणावले’ आणि शेवटी ‘आदर्श पतिव्रता’, बस. लाल शाईचा ठिपका नाही. आता माधवराव सत्ताविसाव्या वर्षी, १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला गेले आणि रमाबाई सती गेल्या, हा झाला इतिहास. पण त्या दोघांमधले रुसवे-फुगवे, एकांतातलं बोलणं, हे कोणत्या कारकुनानं टिपून ठेवलं होतं? ते देसाईंनी मनानंच लिहिलं. ‘स्वामी’ला १९६४ चा साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो कादंबरी म्हणून, बखर म्हणून नव्हे. मग तिथं गुरुजींचं पेन का बरं वाळलं?

कारण उघड आहे. ते प्रेम नवरा-बायकोचं आहे. घरातल्या प्रेमाला पुरावा लागत नाही, घराबाहेरच्या प्रेमाला ताम्रपट लागतो. त्यातून ‘स्वामी’तली बायको शेवटी मुकाट्यानं चितेवर चढते. तेव्हा तिथं पुरावा नको असतो, रुमाल पुरतो. नायकानं एकट्यानं चाळीस स्वार कापले, तर ‘वा!’ म्हणायचं, त्यानं एका बाईवर जीव लावला, तर ‘साधनं दाखवा’ म्हणायचं. याला इतिहासप्रेम म्हणत नाहीत, गुरुजी. याला सोयरीक जमवणाऱ्याची चौकशी म्हणतात.

बदनामीवाल्यांचं तर मला नवलच वाटतं. आमचे थोर पुरुष असं करणारच नाहीत, हे त्यांचं म्हणणं. खुद्द पेशव्यांच्या घरच्यांची मात्र अशी समजूत नव्हती. चिमाजीअप्पा आणि नानासाहेब यांनी मस्तानीला पुण्यात चक्क कैदेत ठेवलं. जे घडलंच नाही त्यासाठी कोणी कैदखाना उघडत नाही. सख्ख्या भावाला आणि पोटच्या पोराला जे ठाऊक होतं, ते आम्हांला पावणेतीनशे वर्षांनंतरही पटत नाही. २०१५ साली ‘राऊ’वरून काढलेला सिनेमा आला, तेव्हा काशीबाई आणि मस्तानी एका गाण्यात एकत्र नाचतात यावरून केवढा गहजब झाला! नाच झाला नव्हता, हे मलाही मान्य. पण त्या दोघी एकाच माणसापायी एकाच वेळी झुरत होत्या, यावर कोणी निवेदन दिल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

असो. समासातल्या भांडणाचा निकाल लावायचा म्हणून मंडळानं एका रविवारी वाचकांची चर्चा ठेवली. आम्ही पाच पुरुष पाळीपाळीनं दोन तास बोललो. मी पाऊण तास बोललो. मुद्दा एकच, मस्तानीबद्दल कागद किती आणि दंतकथा किती. मागच्या रांगेत चार बायका बसल्या होत्या. शेवटी त्यांतल्या एका काकूंनी हात वर केला.

‘‘मी काय म्हणते, त्या मस्तानीच्या पोराचं पुढं काय झालं वं? आई-बाप दोन्ही गेले. मग त्याला कुणी सांभाळलं?’’

‘‘वहिनी, विषयाला धरून बोला,’’ गुरुजी म्हणाले.

‘‘ते भावनेचं झालं. आपण इतिहासाचं बोलतोय,’’ असं कोणीतरी समजावणीच्या सुरात सांगितलं. ते कोणीतरी मीच. मग अध्यक्ष घड्याळाकडं बघून म्हणाले, ‘‘काकू, उठलाच आहात तर चहाचं तेवढं बघता का?’’

काकू चहाचं बघायला गेल्या. आम्ही पुराव्याकडं वळलो.

रात्री मात्र मला झोप येईना. त्या मुलाचं पुढं काय झालं, हे मला माहीत नव्हतं. पाऊण तास बोलणाऱ्या माणसाला माहीत नव्हतं! उठलो, दोन-चार दिवस पुस्तकं धुंडाळली, आणि लाज वाटली. मुलाचं नाव समशेरबहाद्दर. तो पेशव्यांच्याच घरात वाढला, पानिपतावर लढला आणि तिथं झालेल्या जखमांनी १७६१ सालीच गेला. त्याचे वंशज पुढं बांद्याचे नवाब झाले. मस्तानी बाजीरावांपाठोपाठ त्याच साली गेली, तिची कबर पाबळला आहे. आणि ‘हिनं काय करायचं?’ त्याचंही उत्तर सापडलं. काशीबाई नवऱ्यामागं अठरा वर्षं जगल्या, १७५८ पर्यंत. माहेरी, चासला, त्यांनी सोमेश्वराचं देऊळ बांधलं. आजही उभं आहे. जाऊन हात लावून बघता येतं.

आता मला सांगा, इतिहासाचा प्रश्न कोणता? रियासतकार सरदेसाईंनी पेशवे दफ्तरातले निवडक कागद पंचेचाळीस भागांत छापले. आमच्या घाटापलीकडच्या वाईत राजवाड्यांना जी दप्तरं मिळाली, त्यांतून त्यांचा पहिला खंड १८९८ साली निघाला. या ढिगाऱ्यात स्वाऱ्या आहेत, कर्जं आहेत, खर्चाच्या याद्या आहेत. बाजीराव मस्तानीच्या कानात काय बोलले ते त्यात नाही, आणि कधी सापडणारही नाही. त्यावर आम्ही दोन तास भांडलो. ज्याचं उत्तर दगडात बांधलेलं आहे, ते विचारणाऱ्या काकूंना आम्ही चहाला पाठवलं.

आणि हे कुठं? तर खंडाळा तालुक्यात! नायगाव आमच्याच तालुक्यातलं. सावित्रीबाई फुले ३ जानेवारी १८३१ ला तिथं जन्मल्या. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा निघाली, तिथं त्या शिकवायला उभ्या राहिल्या. १८५४ साली त्यांचा ‘काव्यफुले’ हा कवितासंग्रह छापून निघाला. मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी, गुंजीकरांची ‘मोचनगड’, पुस्तकरूपानं आली १८७१ साली. म्हणजे ज्या वाङ्मयप्रकारावर आम्ही बाप्ये अधिकारवाणीनं बोलतो, तो मराठीत यायच्या सतरा वर्षं आधी आमच्या तालुक्याच्या लेकीचं पुस्तक तयार होतं. दर ३ जानेवारीला स्त्रीशिक्षणावर आमची भाषणं होतात. मी तर दरवर्षी दहा मिनिटं बोलतो. टाळ्या बऱ्या पडतात. बायकांनी शिकावं, वाचावं, असं आमचं ठाम मत आहे. वाचून झाल्यावर काही विचारावं, इथपर्यंत ते मत अजून पोचलेलं नाही, इतकंच.

कादंबरी वाचून रडणाऱ्या बाईला आपण हसतो. पण रडणारं माणूस निदान पुस्तकातल्या दुसऱ्या माणसाच्या जागी जाऊन बसलेलं असतं, आणि तिथं बसलं की साधेसुधे प्रश्न पडतात. ही एकटी कशी राहिली? पोराला जेवायला कोणी वाढलं? ऐतिहासिक कादंबरी इतिहास नसते, मान्य. पण तिनं एवढा एक प्रश्न मनात सोडला, तर माणूस इतिहासाच्या दारापर्यंत जातो. मी गेलो तो गुरुजींच्या सतरा लाल शेऱ्यांमुळं नव्हे, एका पेन्सिलीमुळं आणि एका काकूंमुळं.

आता राहिला तो बॉलपेनवाला. त्याला शोधायचं म्हणून मी ते पान घरी बायकोला दाखवलं. म्हटलं, ‘‘बघ, काय एकेक नग असतात गावात!’’

तिनं चष्मा लावला, ओळ वाचली आणि शांतपणे म्हणाली, ‘‘अहो, हा ‘ड’ तुमचा.’’

‘‘भलतंच काय!’’

‘‘यादीत ‘वेलदोडे’ लिहिता ना, त्यातला. असं खाली लांब शेपूट दुसरं कोणी काढत नाही.’’

मी निरखून पाहिलं. शेपूट माझंच होतं. वीसेक वर्षांपूर्वीचं असावं. तेव्हा मी फार विद्वान होतो. मग घसा खाकरून मी विचारलं, ‘‘आणि ही पेन्सिल कुणाची?’’

‘‘माझी म्हटलं तर पुरावा काय?’’ असं म्हणून ती आत गेली.

पुढच्या सभेत मी उपसूचना मांडली, की ‘राऊ’ची नवी प्रत अवश्य घ्यावी, पण जुनी रद्दीत घालू नये, आणि यापुढं चर्चेला सुरुवात मागच्या रांगेपासून करावी. गुरुजींनी आक्षेप घेतला, दोघांनी पाठिंबा दिला, आणि विषय रीतसर पुढच्या सभेवर ढकलण्यात आला. प्रत तोवर माझ्या ताब्यात आहे. दंड चढतोय, चढू दे.

त्या दिवशी चहा मी केला. काकूंनी एक घोट घेतला आणि ‘‘आलं जरा जास्त झालं,’’ एवढंच म्हणाल्या. आजवर ज्या माणसानं कशालाही पुरावा मागायचं सोडलं नाही, त्या गुरुजींनीही हे मत तिथल्या तिथं मान्य केलं.