कोचचा फोन आला खरा, पण पैसे कोण देतंय?



ज्युनियर-सीनियरच्या मुलांना कॉलेजच्या कोचकडून ईमेल, फोन यायला लागलेत. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अधूनमधून तो फोटोही येतो: मुलगा किंवा मुलगी टेबलाशी, मागे कॉलेजचा झेंडा, हातात पेन, दोन्ही बाजूंना आईबाबा. खाली पंचवीस जणांचं अभिनंदन. "वा! स्पोर्ट्स स्कॉलरशिप!" मग एखादी मावशी विचारते, "फुल का गं?" आणि तिथे मात्र उत्तर येत नाही.

अभिनंदन मीही करते, मनापासून करते. पहाटे पाचला उठून पोहायला जाणारं पोर कौतुकालाच पात्र आहे. पण त्या फोटोतलं कॉलेज जर डिव्हिजन थ्रीचं असेल, तर तिथे स्पोर्ट्स स्कॉलरशिप नावाची गोष्टच नसते. नियमानेच नसते. आणि आपण ती आहे असं म्हणत राहिलो की शेजारच्या घरातले आईबाप तो फोटो बघून पुढच्या वर्षीच्या ट्रॅव्हल टीमचे पैसे भरतात, "एवढं केलं की कॉलेजचं तरी सुटेल" या आशेवर. म्हणून हे लांबलचक लिहितेय. चहा घेऊन बसा.

आधी थोडक्यात व्यवस्था. एनसीएएचे तीन विभाग आहेत. टीव्हीवर दिसतं ते डिव्हिजन वन. तिथे जून २०२५ मध्ये 'हाउस विरुद्ध एनसीएए' खटल्यातली तडजोड कोर्टाने मंजूर केली, आणि कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात असं झालं. पहिल्या वर्षाची मर्यादा कॉलेजमागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर! त्याच तडजोडीने संघात किती मुलं ठेवायची यावरही मर्यादा आली, त्यामुळे तिथल्या काठावरच्या मुलांना जागा कमी झाली, आणि ती मुलं आता खालच्या विभागांकडे बघतात. डिव्हिजन टूमध्ये थोडीथोडी स्कॉलरशिप मिळते. आणि तिसरा विभाग सगळ्यात मोठा, चारशेहून जास्त कॉलेजांचा. बहुतेक छोटी खाजगी कॉलेजं इथे. आपल्याला तोंडपाठ असलेली काही नावंही इथलीच आहेत: एमआयटी, कॅलटेक, शिकागो, कार्नेगी मेलन, एमरी.

डिव्हिजन थ्रीचा नियम स्पष्ट आहे. आर्थिक मदत ठरवताना मूल किती चांगलं खेळतं, संघात आहे की नाही, कॅप्टन होतं का, यातलं काहीही विचारात घ्यायचं नाही. खेळाडूंना बाकीच्या मुलांपेक्षा जास्त मदत तर जात नाही ना, याची माहिती कॉलेजांना दरवर्षी एनसीएएला द्यावी लागते. आणि तो फोटोतला फॉर्म? तो आनंद साजरा करण्यापुरता. त्यावर सही केली म्हणून ना कॉलेज बांधील, ना तुम्ही.

मग कोच एवढे फोन का करतात? मला वाटतं, सगळी गोम इथे आहे.

आपल्या डोक्यात असं असतं की खेळ म्हणजे कॉलेजचा खर्च. मैदान, कोच, बस, गणवेश. मोठ्या नावाच्या श्रीमंत कॉलेजात ते खरंही आहे. पण ज्या छोट्या कॉलेजाकडे जुना निधी फारसा नाही, जे मुलांच्या फीवरच चालतं, तिथे संघ हे गिऱ्हाईक आणायचं साधन आहे. हिशोबापुरतं समजा, फी ४५,००० डॉलर, सवलत जाऊन हातात २०,००० येतात. नवा संघ काढला, कोचने वर्षाला २५ मुलं आणली, तर एका वर्गाचे ५ लाख. चारही वर्गांत ती मुलं टिकली तर वर्षाला २० लाख, शिवाय वसतिगृह आणि जेवणाचे वेगळे. कोच, मदतनीस आणि बसचा खर्च यातून सहज निघतो. तिकीट विकायची गरज नाही, टीव्हीची गरज नाही. प्रेक्षक म्हणजे आईबापच, आणि तेच तर पैसे देतायत.

ही माझी कल्पनाशक्ती नाही. मिशिगनमधल्या एड्रियन कॉलेजने हे उघडपणे केलं. जेफ्री डॉकिंग २००५ मध्ये तिथे अध्यक्ष झाले तेव्हा कॉलेज रिकामं होत चाललं होतं. त्यांनी मैदानं बांधली, आइस रिंक बांधला, नवेनवे संघ काढले, आणि प्रत्येक कोचला वर्षाला इतकी मुलं आणायचीच असा आकडा दिला. काही वर्षांत विद्यार्थी जवळजवळ दुप्पट झाले. मग त्यांनी यावर पुस्तकही लिहिलं, आणि देशभरच्या छोट्या कॉलेजांनी तो कित्ता गिरवला. मला त्यात लबाडी दिसत नाही. त्यांनी सगळं सांगून केलं. पण याच कॉलेजने २०२० मध्ये इतिहास, नाटक असे काही विभाग बंद करायचं जाहीर केलं, आणि ओरड झाल्यावर काही दिवसांत तो निर्णय मागे घेतला. म्हणजे मैदान भरलं तरी वर्गांची काळजी संपली असं नाही.

आता आपल्या खिशाकडे येऊ. "मुलीला वर्षाला २५,००० ची मेरिट मिळाली." छान. पण खाजगी कॉलेजांत पहिल्या वर्षाच्या मुलांना मिळणारी सरासरी सवलत छापील फीच्या ५६ टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे छापील भाव जवळजवळ कोणीच देत नाही. साडीच्या दुकानात वर्षभर '५० टक्के सूट'ची पाटी असते ना, तसंच. २५,००० हे बक्षीस आहे की सगळ्यांना मिळणारी सूट, हे विचारल्याशिवाय कळत नाही. भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करणारे आपण, दोन लाख डॉलरच्या खरेदीत कोचसमोर लाजतो. "विचारलं तर वाईट दिसेल, जागा जाईल." अहो, त्याला मुलं हवी आहेत!

अर्थात सगळीकडे त्याला तितकी गरज नसते, आणि हा फरक पकडणं फार महत्त्वाचं आहे. विल्यम्स, ॲमहर्स्ट अशी कॉलेजं घ्या. प्रत्येकी ३०० कोटी डॉलरच्या वर निधी. तिथे मेरिट सवलत मुळी नाहीच. कुटुंबाची गरज बघूनच मदत. तिथला कोच तुम्हाला एक डॉलरही मिळवून देऊ शकत नाही, पण तो ॲडमिशन ऑफिसला तुमच्या मुलाचं नाव सांगू शकतो. आणि जिथे बहुसंख्य अर्ज परत जातात तिथे त्या शब्दाला खूप किंमत आहे. विल्यम्समध्ये साधारण तिसरा हिस्सा मुलं कुठल्या ना कुठल्या संघात आहेत. स्वार्थमोर कॉलेजने २००० साली फुटबॉल आणि कुस्ती बंद केली ती याच कारणाने: वर्गात जागा मोजक्या, आणि त्यातल्या किती खेळाडूंना द्यायच्या हा प्रश्न.

उलट ज्या कॉलेजात अर्ज केलेल्या बहुतेकांना प्रवेश मिळतोच, तिथे कोच "मी तुला आत घेतो" म्हणतो त्याला फारसा अर्थ नाही. दार उघडंच होतं. तिथे बोलायचं ते पैशावर. एकाकडून दार मागा, दुसऱ्याकडून दर मागा. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. श्रीमंत कॉलेजच्या कोचला आपण स्कॉलरशिप विचारून त्याची पंचाईत करतो, आणि गरजू कॉलेजने नुसतं बोलावलं तरी हरखून जातो.

त्यातून अर्ली डिसिजनचा फास. कोच म्हणतो, "ईडीमध्ये अर्ज कर, मग मी तुझ्यासाठी बोलेन." श्रीमंत कॉलेजात हा सौदा समजण्यासारखा आहे. पण ईडी म्हणजे मिळालं की यायचंच. दुसऱ्या कॉलेजची ऑफर हातात नाही, तुलना नाही, घासाघीस नाही. म्हणून ईडी करायच्या आधी उन्हाळ्यात दोन गोष्टी मागा. एक, प्री-रीड: कोच मुलाचे गुण ॲडमिशन ऑफिसला दाखवून अंदाज घेतो. दुसरी, तसाच पैशाचा प्री-रीड. बरीच कॉलेजं तो करून देतात, पण आपण मागितला तरच. प्रत्येक कॉलेजच्या वेबसाइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो, तो आधी भरून बघा. फोनवर "आम्ही जमवू काहीतरी" म्हणणाऱ्याला लेखी पाठवायला सांगा. गोड बोलून सांगा, पण सांगा.

आणि कॉलेज टिकणार आहे का, हेही बघावं लागतं. दचकू नका. अलाबामातलं बर्मिंगहॅम-सदर्न कॉलेज १८५६ चं. डिव्हिजन वनमध्ये होतं, तो खर्च झेपेना म्हणून डिव्हिजन थ्रीमध्ये उतरलं आणि २००७ मध्ये फुटबॉलचा संघ पुन्हा सुरू केला. तरी वाचलं नाही. ३१ मे २०२४ ला कॉलेज कायमचं बंद झालं. त्याच दिवशी त्यांचा बेसबॉल संघ ओहायोमध्ये डिव्हिजन थ्रीच्या वर्ल्ड सिरीजमध्ये खेळत होता! गोष्ट सगळ्या देशाने डोळे पुसत वाचली. मी मात्र त्या संघातल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांच्या आयांचा विचार करत होते. सामना संपला की क्रेडिट्स घेऊन कुठे जायचं?

हे आधी ताडायला थोडी साधनं आहेत. खाजगी कॉलेजांना शिक्षण खातं आर्थिक तब्येतीचा एक अंक देतं, उणे १ ते ३. दीड किंवा वर असेल तर ठीक. खाली असेल तर चौकशी करा. विद्यार्थीसंख्या पाच वर्षांत वर गेली की खाली, तेही बघा. शिक्षण खात्याच्याच 'इक्विटी इन ॲथलेटिक्स'च्या साइटवर प्रत्येक कॉलेजच्या प्रत्येक संघात किती मुलं आणि खर्च किती, ते फुकट दिसतं. एक गंमत: तिथे छोट्या कॉलेजांचं खेळाचं उत्पन्न आणि खर्च बऱ्याचदा डॉलर टू डॉलर सारखे दिसतात. नफा-तोटा शून्य झाला म्हणून नव्हे, तर कॉलेजने आपल्याच खिशातून घातलेली रक्कमही उत्पन्नात धरतात म्हणून. त्यामुळे त्या ओळीकडे दुर्लक्ष करा आणि संघातल्या मुलांची संख्या बघा. सॉकरच्या संघात पन्नास नावं असतील, तर मैदानावर एका वेळी अकराच असतात हे विसरू नका. बाकीच्यांनी चार वर्षं काय करायचं? कोचला सरळ विचारा: चार वर्षांपूर्वी आलेल्या मुलांतली आज किती संघात आहेत, आणि किती कॉलेजात आहेत? हा एक प्रश्न सगळ्या ब्रोशरांना भारी आहे. उत्तर देताना तो अडखळला तर तेही उत्तरच.

हे सगळं वाचून कोणी म्हणेल, मग नकोच ते. माझं मत तसं अजिबात नाही. आपल्या साध्यासुध्या, पाच फूट सहा इंचाच्या, राज्यात चाळिसाव्या आलेल्या पोरांना कॉलेजचा टी-शर्ट घालून चार वर्षं खेळायला मिळतं ते इथेच. केमिस्ट्रीची लॅब आणि प्रॅक्टिस एका वेळी आली तर बरेच कोच लॅबला पाठवतात. आणि स्कॉलरशिप नसण्याचा एक मोठा फायदा कोणी सांगतच नाही: मदत खेळाशी बांधलेली नसल्यामुळे, दुसऱ्या वर्षी गुडघा गेला किंवा मन उडालं, तर संघ सुटला म्हणून ती मेरिट सवलत काढून घेता येत नाही. गुण टिकवले की झालं. आमच्या मंडळातल्या एका मुलीने खांद्याच्या दुखण्याने दुसऱ्या वर्षी पोहणं सोडलं. सगळे हळहळले, पण फीच्या बिलात एका डॉलरचाही फरक पडला नाही.

पण ट्रॅव्हल टीमचा खर्च कॉलेजच्या फीतून वसूल होईल हा हिशोब मात्र डोक्यातून काढा. पोराला खेळायला आवडतं म्हणून खर्च करा, परवडेल तेवढाच करा. उरलेले ५२९ मध्ये टाका.

एच-४ वर मुलं असणाऱ्यांसाठी वेगळं सांगते, कारण दर वेळी इनबॉक्समध्ये हाच प्रश्न येतो. तुमच्या मुलांना फेडरल मदत मिळत नाही. त्यामुळे कॉलेजची स्वतःची सवलत हाच तुमचा मुख्य आधार, आणि ती खाजगी छोट्या कॉलेजांत मिळू शकते. पण काही कॉलेजं अशा मुलांचा अर्ज आंतरराष्ट्रीय म्हणून धरतात, काही नाही, आणि सवलतीचे नियम त्यावर बदलतात. हे कोचला विचारू नका, त्याला बहुधा ठाऊक नसतं. ॲडमिशन ऑफिसला ईमेल करा, मुलाचं व्हिसा स्टेटस पहिल्याच ओळीत लिहा आणि उत्तर लेखी घ्या. कॉलेज बघायला जायचं विमानाचं तिकीट त्यानंतर काढा.